चावी फिरवू नका

(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी वर्षात दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सभासदांचीच व्याख्याने ठेवली होती. त्यांपैकी ‘फोर बाय फोर गाडी : खरेदी आणि विमा’ या विषयावरील भाषणाचा हा मजकूर. – संपादक मंडळ)



सर्वांत आधी एक जाहीर माफी मागतो. पार्किंगमधल्या माझ्या गाडीच्या शेजारी ज्यांची जागा आहे, ते गेली चार वर्षं पोट आत ओढून आपल्या गाडीत बसतात. कधी एका शब्दाने बोलले नाहीत. आज सर्वांसमोर त्यांचे आभार मानतो.

सेक्रेटरींनी मला हा विषय दिला, त्याला कारण आहे. दहा वर्षांपूर्वी आपल्या सोसायटीत अशी गाडी घेणारा वेडा मी एकटाच होतो. आज पार्किंगमध्ये अशा पाच गाड्या आहेत, आणि बी विंगमधली दोन तरुण मंडळी सहाव्या-सातव्या गाडीच्या चौकशीत आहेत. शनिवारी तंबू, स्टोव्ह, चटया गाडीत टाकायच्या आणि डांबरी रस्ता संपतो तिथून पुढे जायचं, ही हौस चांगली आहे. मी स्वतः निवृत्तीनंतर त्यात पडलो, त्यामुळे कुणाला परावृत्त करायला आलेलो नाही. पण या हौसेत मी एकदा पावणेदोन लाख रुपये पाण्यात घातले आहेत. अगदी शब्दशः पाण्यात. त्यातून जे शिकलो ते सांगतो. ज्यांना असली गाडी घ्यायची नाही त्यांनीही उठून जाऊ नये, कारण शेवटी तो विषय तुमच्याही गाडीपर्यंत येणार आहे.

आधी खरेदी.

फोर बाय फोर म्हणजे चारही चाकांना इंजिनची ताकद. साध्या मोटारीत ती दोनच चाकांना मिळते. त्यातलं एक चाक चिखलात फिरायला लागलं की सगळी ताकद तिथेच वाया जाते आणि गाडी जागच्या जागी राहते. चारही चाकं ओढायला लागली की बाकीची चाकं मदतीला येतात. खऱ्या फोर बाय फोरमध्ये आणखी एक दांडा असतो, लो रेंजचा. त्याने वेग कमी होतो आणि जोर वाढतो. चढावर, दगडांवर, आणि विशेषतः निसरड्या उतारावर ब्रेकला न धरता उतरायला याचाच उपयोग. एक सूचना मात्र लक्षात ठेवा. थारसारख्या गाड्यांत फोर व्हील चालू करून कोरड्या डांबरी रस्त्यावर पळवायची नसते. वळताना चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, ते होत नाही आणि आतल्या गिअरांवर ताण येतो. पुणे-सातारा रस्त्यावर रुबाबात फोर व्हील टाकून चाललेले वीर मी पाहिले आहेत.

आता पहिला सापळा. जानेवारी २०२३ पासून थार ही फक्त मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या रूपातही मिळते. बाहेरून दोन्ही जवळजवळ सारख्याच दिसतात. सेकंडहँड बाजारात ‘थार आहे साहेब’ एवढ्यावर जाऊ नका. आत बसा, गिअरच्या दांड्याशेजारी दुसरा दांडा आहे का बघा, तो प्रत्यक्ष टाकून मातीत गाडी चालवून बघा, आणि खालून गॅरेजवाल्याला दाखवा. शहरात आणि हायवेवर फिरायचं असेल तर टू बाय फोर घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पण फोर बाय फोर समजून टू बाय फोर घेणं म्हणजे हापूस समजून पायरी आणण्यासारखं आहे. आंबा वाईट नसतो, पण पैसे हापूसचे गेलेले असतात.

दुसरा प्रश्न घरच्यांना विचारायचा : वर्षात किती रात्री आपण खरोखर तंबूत झोपणार? मी २०१७ मध्ये ‘पन्नास’ असं म्हणालो होतो. सौ. म्हणाली, ‘आठ.’ त्या वर्षी सात झाल्या. तुमचंही उत्तर आठच्या आसपास असेल तर आधी रीतसर परवान्याची, म्हणजे काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली सेल्फ-ड्राइव्ह गाडी दोन-तीन वेळा भाड्याने घ्या आणि मग ठरवा. मित्राची पांढऱ्या पाटीची गाडी पैसे देऊन घेऊ नका. खासगी गाडीच्या पॉलिसीत भाड्याचा वापर बसत नाही. काही झालं तर मित्रही जाईल आणि क्लेमही.

तिसरा प्रश्न : कोण कोण येणार? तीन दरवाजांच्या थारमध्ये मागच्या सीटवर चढणं ही साठीपुढच्या माणसाला कसरत आहे. आमच्या व्याह्यांना एकदा मागे बसवलं होतं, ते उतरताना काय म्हणाले ते इथे सांगण्यासारखं नाही. शिवाय चार माणसं बसली की सामानाला जागा उरत नाही. पाच दरवाजांची जिमनी रुंदीला कमी, वजनाला हलकी, पेट्रोलवर चालणारी, आणि तिलाही लो रेंज आहे. गुरखाला पुढे-मागे दोन्हीकडे डिफरन्शियल लॉक येतात, दगडधोंड्यांत त्याला तोड नाही. पण उंची दोन मीटरच्या पुढे. वर कॅरिअर आणि छतावरचा तंबू चढवला तर आपल्या पार्किंगच्या बीमखालून ती जाणार नाही. घेण्याआधी टेप घेऊन खाली या आणि मोजा. कार्यकारिणीला बीम हलवता येत नाही.

चौथा प्रश्न पैशांचा. शोरूमची किंमत ही सुरुवात असते. दहा ते वीस लाखांतल्या गाडीला महाराष्ट्रात वैयक्तिक नावावर पेट्रोलसाठी १२ टक्के आणि डिझेलसाठी १४ टक्के रोड टॅक्स बसतो. त्यावर विमा. मग ऑल-टेरेन टायर, हवा भरायचा छोटा पंप, ओढायचा दोर, डी-आकाराच्या कड्या, फावडं. यातल्या दोर आणि कड्यांत काटकसर करू नका. गाडीला ओढण्यासाठी दिलेल्या हुकालाच दोर लावा, मागच्या टो-बॉलला कधीही नाही. तो ताणाखाली तुटला तर गोळीसारखा सुटतो, त्याने माणसं मेलेली आहेत. आणि ओढताना बघ्यांना दोराच्या लांबीच्या दीडपट तरी लांब उभं करा.

माझी पहिली गाडी सेकंडहँड होती, २०१४ ची डिझेल थार. ती घेताना आपल्या ए विंगमधल्या विमा एजंट ताईंनी मला वाचवलं. विकणारा म्हणाला होता, ‘विमा अजून सात महिने आहे, पन्नास टक्के नो क्लेम बोनससकट.’ मी खूश. ताई म्हणाल्या, ‘काका, बोनस गाडीचा नसतो, माणसाचा असतो. तो त्याच्याबरोबर गेला. आणि पॉलिसी तुमच्या नावावर करायला चौदा दिवसांत अर्ज करा.’ कायद्याने थर्ड पार्टी विमा नव्या मालकाकडे आपोआप येतो, पण आपल्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग कंपनीने नाव बदलून दिल्याशिवाय आपला होत नाही. तो दिवस बारावा होता. उलट माझ्या जुन्या मारुतीवरचा बोनस मी सर्टिफिकेट घेऊन या गाडीला लावू शकलो, कारण तो माझा होता. हे सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. नवी गाडी घेताना शोरूमवाला त्याची आठवण करून देईलच असं नाही.

पण त्याच ताईंनी सांगितलेली दुसरी गोष्ट मी ऐकली नाही. त्या म्हणाल्या होत्या, ‘इंजिन प्रोटेक्ट घ्या, तुम्ही पाण्यात जाणार.’ जास्तीचे एकोणीसशे रुपये होते. मी म्हणालो, ‘अहो ताई, मी चाळीस वर्षं वर्कशॉपमध्ये काढली आहेत. इंजिन मला कळतं.’

जुलै २०१८. नीरा-देवघर धरणाच्या बाजूला मी, सौ., मेहुणा आणि सात वर्षांची नात असे निघालो होतो. मुक्काम एका शेतकऱ्याच्या पडवीशेजारी, त्याच्याच परवानगीने. रात्रभर पाऊस. सकाळी परतताना वाटेतला ओढा, जो आदल्या दिवशी घोट्याएवढा होता, तो तांबडा होऊन वाहत होता. सौ. म्हणाली, ‘अहो, उतरून काठीने बघा की किती आहे.’ मी म्हणालो, ‘अगं, फोर बाय फोर आहे ही.’

या एका वाक्याची किंमत पुढे सांगतो.

मी लो रेंज टाकला, इथपर्यंत ठीक. पण सावकाश जायच्या ऐवजी घाबरून पाय दाबला. पुढे पाण्याची लाट उठली, मध्ये एक खड्डा होता, नाक खाली गेलं आणि इंजिन बंद पडलं. एकदम शांत. फक्त पाण्याचा आवाज. आणि मग मी ते केलं जे तुम्ही सगळे करता. चावी फिरवली. ‘खट्’ आवाज आला. पुन्हा फिरवली. पुन्हा ‘खट्’. दरवाजाखालून पाणी आत यायला लागलं, नात सीटवर उभी राहिली आणि म्हणाली, ‘आजोबा, आपण बुडणार का?’

मेहुण्याने आणि मी तिला आळीपाळीने खांद्यावर घेऊन पलीकडे नेलं. सौ. माझा हात धरून आली. पाणी मांडीपर्यंत होतं, पण ओढ इतकी की पाय उचलला की टेकवत नव्हता. पलीकडे दगडावर बसल्यावर मला जी थरथर सुटली ती गाडीसाठी नव्हती. पंधरा मिनिटांनी वर आणखी पाऊस पडला असता तर हे भाषण करायला मी नसतो, आणि त्यापेक्षा वाईट गोष्ट मला बोलवत नाही. म्हणून विम्याच्या आधी हे ऐका : वाहतं पाणी चालत ओलांडता येत नसेल, तर ते गाडीने ओलांडायचं नाही. कंपनीने नव्या थारसाठी साडेसहाशे मिलिमीटर पाण्याची मर्यादा दिली आहे, पण ओढ्याच्या तळाशी काय आहे हे कंपनीला माहीत नसतं.

गावातल्या एका दादांनी ट्रॅक्टरने गाडी काढून दिली. फक्त डिझेलपुरते पैसे घेतले, वर चहा पाजला. तिथून पुण्यापर्यंत टोइंगचे नऊ हजार झाले. मी निश्चिंत होतो. पूर, वादळ, दरड कोसळणं, भूस्खलन हे सगळं पॉलिसीत आहे, हे मी वाचलं होतं. ते खरंच असतं. पण मी पुढची पानं वाचली नव्हती.

सर्व्हेअर आला. शांत माणूस, उगाच बोलणारा नव्हता. गाडी पाहून त्याने एकच प्रश्न विचारला : ‘पाण्यात बंद पडल्यावर पुन्हा चावी फिरवली होती का?’

मी सौ.कडे पाहिलं. सौ. माझ्याकडे पाहत होती. मी म्हणालो, ‘हो. दोनदा.’

त्याने लिहून घेतलं. एस्टिमेट एक लाख चौऱ्याण्णव हजारांचं होतं. कंपनीने सीट, गालिचा, वायरिंग यांची साफसफाई आणि दुरुस्ती मिळून सत्तावीस हजार दिले. टोइंगचे नऊ हजारांपैकी पंधराशे, कारण साध्या पॉलिसीत एका अपघातामागे तेवढीच मर्यादा असते. इंजिनचे शून्य. एक लाख साडेचौऱ्याहत्तर हजार मी भरले.

मी वर्कशॉपमधला माणूस, कारण मला समजायला हवं होतं. डिझेल इंजिन आत घेतलेली हवा सोळा-अठरा पट दाबतं. हवा दाबली जाते, पाणी दाबलं जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना स्टार्टर मारला की पिस्टन वर येतो, पाण्यावर आदळतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तो ‘खट्’ म्हणजे तेच होतं. नुसतं पाणी गेलं असतं आणि मी चावीला हात लावला नसता, तर कदाचित पाणी काढून, ऑइल आणि फिल्टर बदलून गाडी सुटली असती.

विमा कंपनीच्या भाषेत याला परिणामी नुकसान म्हणतात, म्हणजे अपघातानंतर आपल्या कृतीने वाढलेलं. नेहमीच्या पॉलिसीत ते वगळलेलं असतं. अटींमध्ये सरळ लिहिलेलं आहे की अपघात किंवा बिघाड झाल्यावर आवश्यक ती दुरुस्ती न करता गाडी चालवली, तर वाढलेलं नुकसान मालकाच्या जोखमीवर. विमा लोकपालांकडे जावं का, असं मी आपल्या सोसायटीतल्या वकीलसाहेबांना विचारलं. ते म्हणाले, ‘क्लेम चुकीचा नाकारला तर जरूर जा, कंपनीकडे लेखी तक्रार करून महिनाभर वाट बघा आणि मग जा. पण इथे अट स्पष्ट आहे आणि सही तुमची आहे.’ मी गेलो नाही.

सौ. एवढंच म्हणाली, ‘खरं बोललात ते बरं केलंत. पैसे परत येतील.’ ते कसे परत आले ते आता सांगतो.

२५ सप्टेंबर २०१९ ची रात्र आपल्यापैकी कुणी विसरलेलं नाही. संध्याकाळपासून कोसळत होतं आणि रात्री आंबिल ओढा भिंती फोडून वस्त्यांत शिरला. शहरात माणसं गेली. आपल्याकडे मागची कुंपणभिंत पडली आणि पार्किंगमध्ये पाणी शिरलं. तीन जणांनी वेळेत गाड्या चढावर नेल्या. उरलेल्या अकरा गाड्यांची चाकं बुडाली होती, पाणी चढतच होतं, आणि आपली मंडळी हातात चाव्या घेऊन जिन्यावरून खाली धावत होती. मी पहिल्या मजल्याच्या जिन्यावर उभा राहिलो आणि आयुष्यात ओरडलो नाही तेवढा ओरडलो, ‘कुणी चावी फिरवू नका! वर चला!’

काहींना राग आला. एक जण म्हणाले, ‘माझी गाडी आहे, मी बघीन.’ पण वर आले. रात्रभर आपण सगळे पहिल्या मजल्याच्या पॅसेजमध्ये बसलो, मेणबत्त्या लावून, कुणाच्या घरचा चहा, कुणाच्या घरचे पोहे. आपली सोसायटी खऱ्या अर्थाने सोसायटी झाली ती त्या रात्री, असं मला वाटतं.

सकाळी पाणी उतरलं. फोटो काढले, बॅटऱ्यांच्या वायरी सोडवल्या, कंपन्यांना फोन केले आणि एकही गाडी सुरू न करता सगळ्या टोइंगने गेल्या. अकरापैकी एका गाडीची चावी मी ओरडण्याआधीच फिरवली गेली होती. तिचं इंजिन उघडावं लागलं. बाकी दहांची इंजिनं वाचली. आठ जणांचे क्लेम मंजूर झाले. दोघांचा विमा फक्त थर्ड पार्टी होता. त्यांना कंपनीकडून काही मिळालं नाही, कारण थर्ड पार्टी विमा आपल्यामुळे दुसऱ्याचं जे नुकसान होतं त्यासाठी असतो. पण त्यांचीही इंजिनं वाचली. त्यानंतर कार्यकारिणीने पार्किंगच्या भिंतीवर पाटी लावली : ‘पाणी आल्यास गाडी सुरू करू नये.’ माझ्या पावणेदोन लाखांची ती पाटी आहे. जाता-येता बघत जा.

आता जे नवी गाडी घेणार आहेत त्यांच्यासाठी विम्याची यादी. मी २०२१ मध्ये नवी घेतली तेव्हा हीच यादी घेऊन बसलो होतो.

एक. नव्या खासगी मोटारीला थर्ड पार्टी विमा सुरुवातीलाच तीन वर्षांचा घ्यावा लागतो. जून २०२२ पासूनच्या दरांप्रमाणे हजार ते पंधराशे सीसीच्या गाडीला त्याचे १०,६४० आणि त्यापुढच्या गाडीला २४,५९६ रुपये, वर जीएसटी. म्हणजे जिमनी आणि फोर बाय फोर थार यांत इथेच चौदा हजारांचा फरक आहे. स्वतःच्या नुकसानीचा भाग मात्र एक-एक वर्षाचा घेता येतो आणि कंपनी बदलता येते. शोरूममध्ये पहिला कागद पुढे येतो त्यावर सही करू नका, दोन ठिकाणी विचारा.

दोन. आयडीव्ही, म्हणजे गाडी चोरीला गेली किंवा पूर्ण निकामी झाली तर मिळणारी कमाल रक्कम. ती दुसऱ्या वर्षात वीस टक्के घटते, तिसऱ्यात तीस, चौथ्यात चाळीस, पाचव्यात पन्नास. हप्ता कमी दिसावा म्हणून आयडीव्ही कमी करून देणाऱ्यापासून सावध राहा.

तीन. जोड कवचं. इंजिन प्रोटेक्ट घ्याच. पाच वर्षांपुढच्या गाडीला ते सहज मिळत नाही, म्हणून मिळतं तोवर सोडू नका. आणि घेतलं तरी चावी फिरवायची नाही, त्याच्याही अटी असतात. झिरो डेप घ्या, कारण साध्या पॉलिसीत रबर, प्लास्टिक, बॅटरी यांचे निम्मेच पैसे मिळतात, आणि आपल्या गाड्यांचं दगडावर आपटतं ते बहुतेक प्लास्टिकच. टायर एकटा फाटला तर साधी पॉलिसी काही देत नाही, गाडीलाही मार बसला असेल तर निम्मे देते. रोडसाइड असिस्टन्स घेताना गाडी कुठपर्यंत नेऊन देणार ते वाचा. माझ्या पुस्तिकेत लिहिलं आहे की गाडी वाहतुकीच्या रस्त्यावर असली पाहिजे. डोंगरातून रस्त्यापर्यंत आणणं आपलं आपण.

चार. बाहेरून बसवलेल्या वस्तू. विंच, छतावरचा तंबू, जादा दिवे यांची बिलं देऊन पॉलिसीत नोंद करा आणि त्यांचा हप्ता भरा. नोंद नसेल तर ते गेलं म्हणून समजा. पण गाडीचा मूळ आराखडा बदलू नका. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरसीमधल्या तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयानेही २०१९ मध्ये ते स्पष्ट केलं आहे. पुढचे लोखंडी क्रॅश गार्ड तर लावूच नका. २०१७ च्या डिसेंबरमध्ये केंद्राने राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलं आहे, आणि एअरबॅगचं गणित त्याने बिघडतं.

पाच. शर्यत, वेगाची चाचणी, टिकाव चाचणी अशा स्पर्धांत गाडी उतरवली तर साधी पॉलिसी लागू होत नाही. ग्रुपबरोबर जाताना संयोजकाला विचारा, ही सहल आहे की स्पर्धा? उत्तर लेखी घ्या. सोबत्यांकडून डिझेल वाटून घेणं वेगळं आणि माणशी फी घेऊन नेणं वेगळं.

सहा. मालक-चालकाचं पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात कवच असतंच, शेजारी आणि मागे बसणाऱ्यांसाठीही थोड्या पैशांत मिळतं. नातवंडं मागे बसतात, एवढं लक्षात ठेवा.

शेवटची गोष्ट जागेची. गाडी जाते म्हणून जायचं नसतं. अभयारण्यात वनखात्याच्या परवानगीशिवाय शिरता येत नाही. वाळूत हवा अठरा-वीस पीएसआयपर्यंत उतरवली की गाडी छान चालते, हे खरं. पण किनाऱ्यावर गाडी रुतली आणि भरती आली की तुमचं चारी चाकांचं ज्ञान तिथेच राहतं. गोव्यात तर पोलीस गुन्हा नोंदवतात. वेळास, आंजर्ल्याच्या वाळूत ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी असतात, चाकाखाली काय आलं ते आपल्याला कळतही नाही. रत्नागिरी-राजापूरकडच्या मोकळ्या सड्यांवर गाडी फिरवायचा मोह होतो, पण त्याच कातळावर हजारो वर्षांपूर्वीची कातळशिल्पं आहेत, उक्षी, बारसू, देवाचे गोठणे इथली. ती २०२२ पासून युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत. त्यांचा विमा कुठलीच कंपनी उतरवत नाही. गावकऱ्याला विचारा, त्याच्या जमिनीवर राहा, त्याला मोबदला द्या आणि कचरा परत आणा.

माझी ती नात आता चौदा वर्षांची आहे. परवा आम्ही वेल्ह्याकडे गेलो होतो. वाटेत ओढा आला. मी गाडी थांबवायच्या आत ती खाली उतरली, काठी घेऊन पाण्यात चार पावलं गेली आणि परत येऊन म्हणाली, ‘आजोबा, आज नाही. मागे फिरा.’ मी मागे फिरलो. रस्त्याकडेच्या शेतात एका काकांना विचारून तंबू टाकला आणि पिठलं-भात केला.

सौ. म्हणाली होती पैसे परत येतील. मला वाटतं, आले.

कार्यकारिणीला एक विनंती. इमारतीच्या विम्यात पूर, पाण्याचे पंप, लिफ्ट आणि मीटर रूम नीट येतात की नाही, हे दर वर्षी नूतनीकरणाच्या वेळी सभासदांना वाचून दाखवावं. पुढची पानंसुद्धा.

आणि पार्किंगमधल्या त्या पाटीला एकदा रंग द्यावा. अक्षरं पुसट झाली आहेत.